मामांचे १८६ फोटो आणि ब्लू-रे प्लेअर: एका स्लाइडशोचे प्रकरण

मामांनी घरातले जुने फोटो स्कॅन करायला घेतले तेव्हाच पुढचे चित्र त्यांच्या मनात पक्के होते. टीव्हीसमोर सगळ्यांनी बसायचे, प्लेअरमध्ये डिस्क घालायची, रिमोटचे बटण दाबायचे आणि फोटो सुरू. कॉम्प्युटर जोडायचा नाही, फोनवरून काही पाठवायचे नाही. मामा सत्तरी ओलांडलेले, रिमोट त्यांच्या हाताला सरावाचा, आणि मामी तर मेनूत शिरायलाच तयार नसतात. म्हणून डिस्कचा हट्ट. मला तो अगदी योग्य वाटला, आजही वाटतो.

फोटो १८६. त्यातले साठेक जुन्या प्रिंटवरून स्कॅन केलेले, उरलेले डिजिटल कॅमेऱ्याचे, ४००० बाय ३००० पिक्सेलचे. प्रत्येक फोटो ६ सेकंद, म्हणजे साडेअठरा मिनिटांचा कार्यक्रम, मागे मंद वाद्यसंगीत. टीव्ही फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. प्लेअर ब्लू-रेचा, काही वर्षे वापरलेला, पुढच्या बाजूला यूएसबी, मागे एचडीएमआयची केबल.

माझ्याकडे हे काम आले तोवर मामांचे तीन प्रयत्न फसले होते. पहिल्यांदा त्यांनी स्लाइडशो बनवायच्या सॉफ्टवेअरमधून निघालेली एमपी४ फाइल तशीच कोऱ्या डीव्हीडी-आरवर कॉपी केली. प्लेअरने डिस्क फिरवली, बराच वेळ विचार केला आणि ‘ही डिस्क चालवता येत नाही’ असे सांगितले. दुसऱ्यांदा त्याच सॉफ्टवेअरमधले ‘डीव्हीडी बनवा’ हे बटण दाबले. ती डिस्क लगेच चालली, पण फोटो पाहून मामांचा चेहराच उतरला. तिसऱ्यांदा पेन ड्राइव्हवर एमपी४ घालून पाहिली, तर संगीत सुरू झाले आणि पडदा काळाच राहिला.

"अरे, हेच फोटो कॉम्प्युटरवर कसे लख्ख दिसतात बघ," मामा म्हणाले. "टीव्हीवर मोठे केले की असे पुसट का रे होतात? आणि पेन ड्राइव्हवर नुसतं गाणंच का ऐकू येतं? प्लेअर बिघडलाय का आपला?"

प्लेअरला काहीही झाले नव्हते. तीन वेळा तीन वेगळी कारणे होती आणि घरच्यांना ती एकच वाटत होती. अशा प्रकरणात हाच घोळ सगळ्यात जास्त वेळ खातो. डिस्कवर माहिती कोणत्या मांडणीत आहे, चित्र किती पिक्सेलचे आहे आणि ते चित्र कोणत्या पद्धतीने दाबून बसवले आहे, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर बरोबर आले म्हणून दुसऱ्याचे येत नाही.

पहिल्या डिस्कचे उत्तर प्लेअरच्या माहितीपुस्तिकेतच सापडले. शेवटच्या पानांवर एक तक्ता होता: डेटा डिस्कवरून काय चालते आणि यूएसबीवरून काय चालते. एमपी४ फक्त यूएसबीच्या रकान्यात होते. तेवढ्यावर तो विषय संपला.

पुसट का दिसते

दुसऱ्या डिस्कबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक लोक इथेच हार मानतात. ‘डीव्हीडी चालली ना, मग झाले’ म्हणतात आणि मन मारून तेच पाहत बसतात.

डीव्हीडी १९९६ साली बाजारात आली. डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांत चित्राचा आकार ठरलेला आहे: ७२० बाय ५७६, किंवा जिथे ६० हर्ट्झची पद्धत आहे तिथे ७२० बाय ४८०. ७२० बाय ५७६ म्हणजे ४ लाख १५ हजारांच्या आतबाहेर पिक्सेल. टीव्हीच्या पडद्यावर आहेत २० लाख ७३ हजार ६००, बरोबर पाचपट. मामांच्या कॅमेऱ्याचा फोटो तर १ कोटी २० लाख पिक्सेलचा. म्हणजे आधी फोटोचा जवळजवळ सगळा तपशील फेकून द्यायचा, आणि उरलेला तुकडा टीव्हीने पाचपट ताणायचा. तुमचा स्रोत कितीही चांगला असो, डीव्हीडी-व्हिडिओत हे टळत नाही. सॉफ्टवेअर महागडे घेतले तरी टळत नाही.

सिनेमा त्याच डीव्हीडीवरून बरा दिसतो, मग फोटोच का खटकतो? कारण सिनेमातली माणसे हलत असतात, डोळा त्यांच्या मागे धावतो आणि बारीकसारीक उणीव नजरेतून निसटते. फोटो सहा सेकंद जागचा हलत नाही. डोळ्याला भरपूर सवड मिळते: आधी चेहरा, मग चेहऱ्यामागची खिडकी, मग खिडकीच्या गजांवरचा गंज. फोटोला लपायला जागा नसते. म्हणून घरगुती कामात एचडीची खरी गरज कशाला असेल तर ती स्लाइडशोला, असे माझे ठाम मत आहे.

काळा पडदा

तिसऱ्या प्रयत्नाचे कारण शोधायला मीडियाइन्फो नावाच्या छोट्या मोफत प्रोग्रॅममध्ये मामांची फाइल उघडली. फाइलच्या नावात एमपी४ आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. एमपी४ हा नुसता डबा आहे. आतल्या चित्राच्या ओळीत लिहिले होते: एव्हीसी (म्हणजे एच.२६४, चित्र दाबून बसवायची पद्धत), प्रोफाइल म्हणजे तिचा उपप्रकार ‘हाय ४:४:४ प्रेडिक्टिव्ह’.

तिथेच मेख होती. घरगुती प्लेअर आणि टीव्ही यांच्यासाठीच्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात आणि रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच. त्याला ४:२:० म्हणतात. डोळा रंगाच्या बाबतीत तेवढा काटेकोर नसतो, म्हणून हे खपते. फोटोंपासून व्हिडिओ बनवताना काही सॉफ्टवेअर फोटोतला रंग पूर्णच ठेवते आणि व्हिडिओ ४:४:४ होतो. कॉम्प्युटर तो आनंदाने उलगडतो. प्लेअरमधल्या चिपला मात्र ४:२:० आणि ८ बिट एवढेच उलगडता येते. तिने आवाज ओळखला, वाजवला, आणि चित्रापाशी थांबली.

एफएफएमपेग या व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅमने व्हिडिओ पुन्हा बनवला, पिक्सेल फॉरमॅट ‘वाययूव्ही४२०पी’ असा स्पष्ट सांगितला, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.०. पेन ड्राइव्ह लावला आणि चित्र आले. मामी टाळ्या वाजवून मोकळ्या झाल्या. मला इथेच थांबता आले असते. पण मामांना डिस्क हवी होती, धाकट्या मावशीलाही एक पाठवायची होती, आणि रिमोटवरच्या ‘पुढे’ बटणाने एका वर्षातून पुढच्या वर्षात उडी मारता यायला हवी होती.

डीव्हीडीच्या तबकडीवर एचडी

खरी ब्लू-रे डिस्क जाळायला कॉम्प्युटरमध्ये ब्लू-रे बर्नर लागतो. तो आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. डीव्हीडी बर्नर होता. इथे एव्हीसीएचडी कामाला आले. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ साली कॅमकॉर्डरसाठी आणलेली ही पद्धत. चित्र एच.२६४, आवाज डॉल्बी डिजिटल किंवा न दाबलेला पीसीएम, आणि फोल्डरची मांडणी ब्लू-रेसारखीच. त्या काळी काही कॅमकॉर्डर छोट्या ८ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर थेट एचडी टिपायचे, म्हणून या पद्धतीत साध्या डीव्हीडीच्या तबकडीवर एचडी ठेवायची सोय पहिल्यापासून आहे. प्लेअरमधला लाल लेझर डीव्हीडी वाचतो, आणि आतला मजकूर एचडीचा असतो.

एक गोष्ट आधी तपासावी: प्लेअरवर किंवा त्याच्या माहितीपुस्तिकेत एव्हीसीएचडीचे चिन्ह आहे का. प्रत्येक ब्लू-रे प्लेअर ही डिस्क चालवतोच असे नाही, आणि साधा डीव्हीडी प्लेअर तर कधीच चालवणार नाही. मामांच्या प्लेअरच्या पुढच्या पट्टीवर ते चिन्ह बारीक अक्षरांत छापलेले होते. इतकी वर्षे कोणी पाहिलेच नव्हते.

मांडणीसाठी टीएसमक्सर हा प्रोग्रॅम वापरला. चित्राचा आणि आवाजाचा प्रवाह त्यात दिला, ‘एव्हीसीएचडी डिस्क’ हा पर्याय निवडला, आणि दर तीन मिनिटांच्या आसपास, जिथे वर्ष बदलते तिथे, प्रकरणांच्या खुणा टाकल्या. त्याने बीडीएमव्ही नावाचे फोल्डर तयार केले. त्यात स्ट्रीम, प्लेलिस्ट, क्लिपइन्फ अशी उपफोल्डरे आणि इंडेक्सची फाइल. प्लेअर डिस्क घातल्याबरोबर हेच शोधतो. इंडेक्सवरून प्लेलिस्ट, प्लेलिस्टवरून प्रवाह, असा त्याचा प्रवास ठरलेला. यातली एक फाइल कोणी ‘नीट नाव देऊ’ म्हणून बदलली तर सगळे बंद पडते.

पहिली चाचणी डीव्हीडी-आरडब्ल्यूवर केली, म्हणजे चुकले तर पुसून पुन्हा. चालली! दोन मिनिटे आम्ही सगळे गप्प बसून पाहत होतो. आजीचा एक स्कॅन केलेला फोटो आला, मूळ प्रिंटच्या कागदाची दाणेदार पोतसुद्धा दिसत होती. आणि मग पुढचा फोटो येता येता चित्र अडखळले, थांबले, उडी मारून पुढे गेले.

अडखळणे

घड्याळ लावून बसलो आणि कुठे कुठे अडते ते कागदावर लिहिले. साडेअठरा मिनिटांत सात जागा. सातही जागा एक फोटो विरघळून दुसरा उमटतो त्या क्षणाच्या, आणि सातही ठिकाणी दोन्ही फोटो दाट तपशिलाचे: झाडाची पाने, खडीचा रस्ता, गर्दी.

स्लाइडशो हा व्हिडिओ म्हणून फार विचित्र प्राणी आहे. फोटो स्थिर असतो तेव्हा एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबणाऱ्या प्रोग्रॅमला, प्रत्येक फ्रेमसाठी ‘मागच्यासारखेच’ एवढेच लिहायचे असते, त्याला जवळजवळ काही जागा लागत नाही. पण एक फोटो दुसऱ्यात विरघळताना प्रत्येक फ्रेममधला प्रत्येक पिक्सेल बदलतो, आणि तोही हालचालीने नव्हे, मिसळण्याने. एन्कोडरची नेहमीची युक्ती, म्हणजे ‘हा तुकडा इथून तिथे सरकला’ असे लिहिण्याची, इथे चालत नाही. त्या एका सेकंदात माहितीचा लोंढा येतो. मी फाइल ठरावीक दर्जाच्या हिशेबाने बनवली होती, लोंढ्याला बांध घातलाच नव्हता. मीडियाइन्फोत सरासरी सेकंदाला फक्त ४ मेगाबिट दिसत होती आणि मी निर्धास्त होतो. सरासरीने मला चकवले. फ्रेमनिहाय हिशेब काढला तेव्हा विरघळण्याच्या क्षणी आकडा ३० मेगाबिटच्या वर जात होता.

डीव्हीडीच्या तबकडीवरच्या एव्हीसीएचडीला सेकंदाला १८ मेगाबिटची कमाल मर्यादा आहे. तबकडीचा मूळ वाचनवेग ११ मेगाबिटच्या आसपास. प्लेअर त्याहून जोरात फिरवू शकतो, पण किती, याला मर्यादा आहे. ब्लू-रेच्या तबकडीवर हीच फाइल बिनतक्रार चालली असती, कारण तिथे चित्रालाच ४० मेगाबिटपर्यंत परवानगी आहे.

एन्कोडरला कमाल दर १५ मेगाबिट आणि तेवढाच बफर असे बजावून सांगितले. अडखळणे गेले. १५ च का, १७ का नाही? आवाजाला आणि वेष्टनाला जागा उरावी हे एक कारण. दुसरे कारण मामीमुळे कळले.

"फोटो दम लागल्यासारखा करतोय," त्या म्हणाल्या.

मी टीव्हीच्या जवळ जाऊन पाहिले. भिंतीचा गिलावा, आभाळ, गालांवरची सावली, दर सेकंदाला किंचित धूसर होत होती आणि पुन्हा नितळ. अगदी हलके, पण एकदा दिसले की नजर हटत नाही. ब्लू-रेच्या नियमांत संपूर्ण नव्याने काढलेली फ्रेम, म्हणजे कीफ्रेम, दर सेकंदाला एक तरी हवी. प्रत्येक कीफ्रेमला चित्र नव्याने दाबले जाते, थोडे वेगळे उमटते, आणि स्थिर चित्रात ती ठेच जाणवते. मात्र कमाल दर १५ मेगाबिट किंवा कमी ठेवला तर कीफ्रेम दोन सेकंदांवर नेता येते. तेच केले. एक्स२६४ या एन्कोडरमध्ये स्थिर चित्रांसाठी वेगळी जुळणी आहे, तीही लावली, आणि फोटो स्थिर असताना एन्कोडरने फार काटकसर करू नये म्हणून दर्जा चांगला वर नेला. जागेचा प्रश्न नव्हताच: सगळा वेळ १५ मेगाबिटने गेला असता तरी फाइल २.१ गिगाबाइटची झाली असती, आणि तबकडीवर ४.७ गिगाबाइट मावतात. पुन्हा चालवले तेव्हा मामींनी मान हलवली: "आता कसा शांत बसलाय."

फोटो हलवू नकोस

सॉफ्टवेअरने मूळ व्हिडिओ सेकंदाला ३० पूर्ण फ्रेमचा बनवला होता. ब्लू-रेच्या तक्त्यात १०८० ओळींचे चित्र सेकंदाला २४ पूर्ण फ्रेममध्ये चालते, किंवा ५० आणि ६० अर्ध्या फ्रेममध्ये (प्रत्येकीत एकाआड एक ओळी), म्हणजे इंटरलेस्ड. ३० पूर्ण फ्रेम तक्त्यात नाहीत. काही प्लेअर खपवून घेतात, पण त्यावर विसंबू नये. इंटरलेस्ड केले तर खिडकीचे गज, पायऱ्यांच्या कडा अशा आडव्या बारीक रेषा थरथरतात, आणि स्थिर फोटोत ते असह्य होते. ७२० ओळींत ५० किंवा ६० पूर्ण फ्रेम मिळतात, पण मग तपशील गेला. उरले २४.

२४ फ्रेमला एक उणीव आहे: फोटो सावकाश सरकवला किंवा झूम केला तर हालचाल धक्क्याधक्क्याने होते. मामांच्या सॉफ्टवेअरने जवळपास प्रत्येक फोटोला तसे सरकवले होते. मी विचारले, "मामा, हे सरकणं ठेवायचं का?"

"फोटो हलवू नकोस रे. मला चेहरे बघू देत."

सगळे सरकणे काढून टाकले. एका सेकंदाचे विरघळणे तेवढे ठेवले. खरे सांगायचे तर सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच होता, आणि तो मामांचा.

फोटो स्थिरच राहणार म्हटल्यावर ते आधीच नेमक्या मापाचे करून घेता आले. ४:३ चे फोटो १४४० बाय १०८०, उभे फोटो ८१० बाय १०८०, बाजूला काळी पट्टी. कापाकापी अजिबात नाही; जुन्या ग्रुप फोटोत कडेची माणसे कापली जातात आणि नेमकी तीच कोणाला तरी हवी असतात. कॅमेऱ्याचे काही उभे फोटो आडवे आले, कारण ‘हा फोटो फिरवून दाखवा’ ही खूण फाइलच्या आत असते आणि सॉफ्टवेअरने ती वाचली नव्हती. ते हाताने फिरवले.

रंगातही एक खोड निघाली. जेपेग फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला ० ते २५५, व्हिडिओत १६ ते २३५. हे रूपांतर न करता फोटो आत ढकलला की प्लेअर १६ च्या खालचे सगळे निव्वळ काळे समजतो. आजोबांच्या काळ्या कोटाची घडी, आईच्या केसांतल्या बटा, सगळ्यांचा एक काळा डाग झाला होता. शिवाय जेपेगचे रंगगणित बीटी.६०१ चे आणि एचडी व्हिडिओचे बीटी.७०९ चे, तेही बदलून न घेतल्यास कातडीचा रंग किंचित भलतीकडे जातो. दोन्ही रूपांतरे एफएफएमपेगला स्पष्ट सांगितली. कोटाची घडी परत आली.

आवाजाचे काम सोपे. संगीत सीडीवरून घेतलेले, ४४.१ किलोहर्ट्झचे. डिस्कला ४८ लागतात. बदलले, डॉल्बी डिजिटलमध्ये बसवले, झाले.

शेवटची डिस्क

बीडीएमव्हीचे फोल्डर डिस्क जाळायच्या इमेजबर्न प्रोग्रॅममधून, यूडीएफ २.५० या डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीने जाळले. नव्या डीव्हीडी-आरवर, मध्यम वेगाने, डिस्क बंद करून, आणि जाळल्यावर पडताळणी करून. घाईने सर्वाधिक वेगाने जाळलेली डिस्क कॉम्प्युटरवर चालते आणि प्लेअरवर रुसते, हा अनुभव मी बऱ्याचदा घेतला आहे.

मामांच्या टीव्हीवर फोटोखाली लिहिलेली नावे खालून अर्धी कापली जात होती. डिस्कचा त्यात दोष नव्हता: टीव्ही चित्र थोडे मोठे करून कडा बाहेर ढकलत होता. टीव्हीच्या चित्राच्या मेनूत ‘मूळ आकार’ निवडला तेव्हा नावेही पूर्ण आली आणि फोटो आणखी एक पायरी धारदार झाला, कारण आता प्रत्येक पिक्सेल आपापल्या जागी बसत होता. मावशीचा टीव्ही कसा असेल कोण जाणे, म्हणून नावे थोडी वर घेऊन तिची प्रत वेगळी काढली. आधी तिला फोन करून प्लेअरवर काय काय छापले आहे ते एकेक अक्षर वाचायला लावले. तिच्याकडे साधा डीव्हीडी प्लेअर निघाला. तिला पेन ड्राइव्ह पाठवला, तिच्या टीव्हीलाच यूएसबी होते. आणि १८६ मूळ फोटो, एकही न दाबता, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवले. स्लाइडशोच्या डिस्कला मी जपणूक समजत नाही.

पहिल्या रात्री मामांनी स्वतः डिस्क घातली. एकसष्टावा फोटो एका जुन्या सहलीचा, तीस-पस्तीस माणसे तीन रांगांत. मामांनी पॉझचे बटण दाबले. चित्र जिथल्या तिथे थांबले, एकही रेष न हलता. ते उठले, चष्मा काढून टीव्हीपाशी गेले आणि मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवले.

"हा बघ," ते मामींना म्हणाले. "हा यात होता हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं."